जांभूळबोडीच्या आमंत्रित घारी

जांभूळबोडी तलाव नंदिनी खोब्रागडेच्या नावावर झाला, त्या दिवशी घरात कोणालाच विशेष आनंद झाला नाही. नवऱ्यानं, म्हणजे संघपालनं, बातमी ऐकून घेतली आणि विचारलं, "पाण्यासकट?"

तलाव तसा लहानच. खेड्यात असता तर बोडी म्हणून सुटला असता. पण नागपूर दक्षिणेकडे पसरत पसरत त्याच्यापाशी येऊन पोचलं, काठावर फरशा बसल्या, सिमेंटचे दोन बगळे उभे राहिले आणि बोडीचा तलाव झाला. आता तो नंदिनीच्या नावावर झाला म्हणजे सातबारा वगैरे काही नाही. शहरात पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. हिवाळ्यात इकडे आलेले शिकारी पक्षी मार्च-एप्रिलात उत्तरेला परत निघतात. ते जाता जाता मोजायचे असं त्या मंडळानं ठरवलं. सहा तलाव निवडले आणि प्रत्येकावर एक माणूस नेमला. त्या यादीत सहाव्या ओळीवर छापलं होतं : जांभूळबोडी. निरीक्षक – नंदिनी खोब्रागडे.

कोणी म्हणेल, त्यात काय एवढं. तर फ्लॅट संघपालच्या नावावर होता. गॅसही त्याच्याच नावावर. विजेचं मीटर सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी बिल अजून त्यांनाच येई आणि तेही बिचारे वेळेवर भरत. ज्या स्कूटीवर नंदिनी हिंडे, ती पुण्यात असलेल्या मुलाची. टेलिफोन खात्यात स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत तिनं काऊंटरवर उभी नोकरी केली, तिथं लोक तिला 'चार नंबरच्या मॅडम' म्हणत. अशा बाईचं नाव त्रेपन्नाव्या वर्षी एका तलावापुढं छापून आलं, तेही मधे कोणाचं नाव न घालता. तिनं यादीचा फोटो काढला. तो तिरपा आला म्हणून पुन्हा काढला.

मात्र हे नाव अजून पक्कं नव्हतं. मंडळाचा समन्वयक गौरांग हा पस्तिशीचा इंजिनिअर. तो समोरच्याशी बोलतानाही आभाळाकडेच बघे. त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, तुमचा तलाव यंदा चाचणीवर आहे. तिसऱ्या रविवारी मी येईन, आपण सोबत मोजू. टिकला तर पुढच्या यादीत तलावही कायम आणि तुमचं नावही. नाहीतर बाद."

थोडक्यात, तलाव नंदिनीकडे प्रोबेशनवर होता.

मोजायचा नियम त्यानं समजावून दिला, तो ऐकायला सोपा होता. पाण्याच्या टाकीपासून मोबाईलच्या टॉवरपर्यंत आभाळात एक रेघ मारली आहे असं समजायचं. जो शिकारी पक्षी ती रेघ ओलांडून उत्तरेला गेला, तो मोजायचा. जो नुसताच घिरट्या घालत राहिला, तो इथला रहिवासी. त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. इथल्या घारी अशा रहिवाशांत मोडतात, हे नंदिनीनं वहीत लाल पेननं लिहून ठेवलं.

पहिल्याच दिवशी तलावाच्या फाटकावर चौकीदारानं तिला अडवलं. सकाळी आठनंतर काठ बंद, परवानगी असेल तर दाखवा. परवानगीसाठी ती महापालिकेच्या ऑफिसात गेली. पहिल्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, "पक्षी पाळीव आहेत की भटके?"

नंदिनी म्हणाली, "तसे भटकेच म्हणा."

"मग पलीकडे जा. भटक्यांचं ते बघतात."

पलीकडचे गृहस्थ कुत्र्यांचं बघत होते. त्यांनी फॉर्म पुढं सरकवून विचारलं, "किती नग पकडायचे?" पकडायचे नाहीत, नुसते मोजायचे आहेत, हे ऐकल्यावर त्यांचा रस गेला. त्यांनी तिला मोजणीच्या टेबलाकडे पाठवलं. तिथं जमीन मोजतात. तिथल्या साहेबांनी मात्र अर्ज नीट वाचला आणि रेघ नेमकी कुठून कुठं जाते याचा नकाशा मागितला. रेघ काल्पनिक आहे असं नंदिनीनं सांगितलं. "काल्पनिक रेघेवर आम्हाला सही करता येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं असं तिलाही वाटलं नाही. शेवटी एका बाईंना दया आली. त्यांनी सकाळच्या व्यायामाचा पास करून दिला. "फिरता फिरता वर पाहिलं तर कोण अडवते तुम्हाले?"

पास सकाळी आठपर्यंतचा. आणि शिकारी पक्षी उशिरा उठणारे! ऊन तापून हवा वर चढू लागली की ते त्या हवेवर आयते वर जातात. त्याआधी पंख मारायचे कष्ट कोण घेणार? म्हणजे काठ उघडा असे तेव्हा आभाळ रिकामं, आणि आभाळ भरायची वेळ झाली की चौकीदार शिट्टी वाजवी. व्यायामाच्या पासवर नंदिनी चार दिवस खरोखरच नुसती फिरली. तिचं वजन थोडं उतरलं, ही या प्रकरणातली एकमेव शासकीय मदत.

मग तिला आपल्याच बिल्डिंगची गच्ची आठवली. संतोष-सागर अपार्टमेंटची गच्ची चार मजल्यांवर, तलाव समोरच. किल्ली सेक्रेटरी चंद्रभान भोयर यांच्याकडे. भोयर सर कन्हानकडच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण ते शाळेला समजलं होतं, त्यांना नव्हतं. बिल्डिंगमधलं पाणी अजून घंटेच्या शिस्तीनं सुटे. सरांनी किल्ली दिली आणि वर बजावलं, "किल्ली माझी आहे ताई, पण मार्च महिन्यात गच्ची माझी नाही. ती अंजनाबाईंची आहे."

हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. अंजनाबाई लांजेवार पहिल्या मजल्यावर राहत. माहेर भिवापूरचं, वय सत्तरीपुढं आणि आवाज चौथ्या मजल्यापर्यंत. कोणाचं वाळवण कोणत्या दिवशी गच्चीवर पडेल ते त्या ठरवत आणि ते कोणीही बदलत नसे. यंदा तर त्यांच्या नातीचं, करिष्माचं, मे महिन्यात लग्न. रुखवताचे पापड, कुरोड्या, सरगुंडे, मूगवड्या असं सगळं गच्चीवर, आणि एका कोपऱ्यात जुन्या साडीवर भिवापुरी मिरच्या लालभडक पसरलेल्या.

"काहून वं नंदे," अंजनाबाई म्हणाल्या, "गच्चीवर काय करून राहिली?"

"पक्षी मोजते, मावशी."

"कोनाचे?"

"कोणाचे नाहीत. आभाळातले."

अंजनाबाईंनी थोडा विचार केला. "मोजून त्याईले काही भेटते?"

"नाही."

"मंग तुले भेटते?"

"मलाही नाही."

"बरं हाय." त्यांनी हातातली लांब काठी नंदिनीकडे दिली. "रिकामीच बसून राहशीन, तं माह्या कुरोड्याईवर ध्यान ठेव. कावळा आला का हान."

असा करार झाला. नंदिनीनं वर शिकारी पक्षी मोजायचे आणि खाली कावळे हाकलायचे. दोन्ही कामं एकदम करायला सरड्याचे डोळे लागतात, हे करार करताना तिच्या लक्षात आलं नाही. ती दुर्बिणीतून क्षितिजावरचा ठिपका न्याहाळू लागे, तेव्हाच एखादा कावळा सरगुंडा उचलून टाकीवर जाऊन बसे. ठिपका सोडून ती काठी घेऊन धावे. परत येईपर्यंत ठिपका उत्तरेला गेला की दक्षिणेला, हे फक्त ठिपक्यालाच माहीत. शेवटी तिनं संघपालचा काळा मोजा बांबूला उलटा टांगला, म्हणजे मेलेला कावळा वाटेल. कावळ्यांना तो वाटलाही. संघपाल मात्र तीन दिवस दुसरा मोजा शोधत होता.

उन्हाचं तर बोलायलाच नको. नागपुरात मार्चच्या मध्याला गच्चीवर बसायचं म्हणजे तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवायचे. रस्त्यावर सगळ्या बायका तशाच हिंडतात, कोणी वळून बघत नाही. पण तशीच बाई गच्चीवर दुर्बीण घेऊन बसली की वेगळं दिसतं. समोरच्या बिल्डिंगमधून तक्रार आली : तोंड बांधलेली कोणी व्यक्ती रोज आमच्या खिडक्यांत बघते. हवालदार आला. नंदिनीनं ओढणी सोडली, यादी दाखवली, रेघ दाखवली. हवालदारानं दुर्बिणीतून बघितलं. तो म्हणाला, "घार दिसून राहिली ना, मॅडम. लई मोठी दिसते." आणि चहा पिऊन गेला.

भोयर सरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. असल्या गोष्टी लेखी असाव्यात असं त्यांचं मत. त्यांनी स्वतः फळा रंगवून गच्चीच्या कठड्याला समोरच्या बाजूनं लावला : 'येथे पक्षीगणना चालू आहे. समोरील रहिवाशांनी कृपया खिडकीत उभे राहू नये.' त्या दिवसापासून समोरच्या बिल्डिंगमधला झाडून प्रत्येक माणूस खिडकीत उभा राहू लागला.

हे सगळं नंदिनीनं सोसलं. तिची खरी पंचाईत पुढंच होती. आकडाच येत नव्हता.

मंडळ रोज संध्याकाळी सहाही तलावांचे आकडे जाहीर करी. कन्हानच्या बाजूचा तलाव बारा. उमरेड रोडचा नऊ. कुठं सात, कुठं पंधरा. आणि तळाशी, जांभूळबोडी : शून्य. दुसऱ्या दिवशी दोन. मग पुन्हा शून्य. शून्य. एक. शून्य. नंदिनी बघत नव्हती असं नाही. मान दुखून तिला रात्री कूस बदलता येईना. पण जे गेलंच नाही ते लिहायचं कसं? दोन दिवशी मिळून तीन भोवते गेले, तेवढेच. भोवत्या हा लांब पंखांचा, सडपातळ शिकारी पक्षी. शेतावरून खालून उडतो तेव्हा काहीतरी हरवलं आहे असा शोधत उडतो, पण परतीला निघाला की उंचावरून सरळ जातो. ते तीन सरळ गेले. तेव्हा नंदिनीनं वहीतला आकडा लिहून पुन्हा एकदा गिरवला.

हे आकडे भोयर सर रोज बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकत. आधी लोकांनी अंगठे दाखवले, मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे, सकाळी उठून शंख वाजवा. कोणी म्हणे, विमानं मोजतात का तुमच्यात? सोनेगावला उतरणारी सगळी आपल्यावरूनच जातात. तिसऱ्या मजल्यावरून एक आवाज रोज येऊ लागला, "ताई, एक गेली बघा, लिहा!" आणि ती चिमणी असे. संघपाल ऑफिसातून आला की बूट काढता काढता विचारी, "आज किती आल्या तुझ्या?"

"माझ्या नाहीत त्या."

"यादीत तर तुझं नाव आहे."

"नाव तलावापुढं आहे. आणि आज शून्य."

संघपाल बामची बाटली काढी. तो तिच्या मानेला बाम लावून देई. लावता लावता एकदा मात्र म्हणाला, "शून्यासाठी मान एवढी दुखते, तर पन्नास आले असते तर काय झालं असतं?"

हळूहळू तो आकडा नंदिनीचा राहिला नाही, बिल्डिंगचा झाला. किराणा दुकानात समोरच्या बिल्डिंगच्या बाईनं विचारलं, "तुमचा तलाव लास्ट आहे म्हणे?" आणि संतोष-सागरच्या चार मजल्यांची मान खाली गेली. तपासणीच्या दोन दिवस आधी भोयर सर गच्चीवर आले, मूगवड्या चुकवत नंदिनीपाशी पोचले आणि उलट्या बादलीवर बसले.

"ताई, तपासणी म्हणजे काय ते मले विचारा. तीस वर्षं दिल्या आहेत. साहेब यायच्या दिवशी वर्गात पोरं दिसली पाहिजेत. कोणाची आहेत हे साहेब विचारत नाही. त्याले बी जेवून परत जायचं असते."

"म्हणजे?"

"पट भरायचा. शेजारच्या गावाहून ट्रॅक्टरभर पोरं आणायची. साहेब खूश, गावही खूश, पोरांना खाऊ. माझ्या शाळेत तपासणीच्या दिवशी कधी कोणी गैरहजर नव्हतं. एकदाही नाही."

नंदिनी हसली. "सर, पोरं उसनी मिळतात. पक्षी कुठं मिळणार?"

हे तिनं बोलायला नको होतं. सर बादलीवरून उठले. मग त्यांनी टाकी कुठं आहे ते बघितलं, टॉवर कुठं आहे ते बघितलं, आणि दोन्हींच्या मधलं आभाळ बराच वेळ न्याहाळलं. नंदिनीला वाटलं, सरांना गोडी लागली.

रविवारी गौरांग नऊला आला. सोबत तिपाईवर ठेवायची मोठी दुर्बीण आणि हातात आकडे मोजायचं खटका असलेलं यंत्र. गच्चीवर त्या दिवशी कुरोड्यांचा मुख्य दिवस. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवून अंजनाबाईंनी चार खाटांवर पांढऱ्याशुभ्र कुरोड्या घातल्या होत्या. त्या स्वतः काठी घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या, कारण आज नंदिनीच्या मागं पाहुणा होता. भोयर सर इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याच्या दारात उभे. त्यांनी गौरांगला गुलाबाचं फूल दिलं. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना, म्हणून त्यानं ते दुर्बिणीच्या पिशवीत ठेवलं.

दहापर्यंत काही नाही. सव्वादहालाही काही नाही. नंदिनीनं दुर्बिणीची काच पुसली. मग भोयर सरांनी कठड्यापाशी जाऊन खिशातून रुमाल काढला आणि घाम न पुसता नुसताच झटकला.

टाकीच्या अलीकडून, दक्षिणेकडून, एक घार उठली. मग तीन. मग एकदम कुठून कुठून पंधरा-वीस. बघता बघता तलावाच्या अलीकडचं आभाळ गरगरू लागलं. "अरे!" गौरांग म्हणाला आणि त्याचा डोळा दुर्बिणीला चिकटला. घारी खाली झेप घेत, वर येत, पुन्हा झेप घेत. मग सरांनी दुसऱ्यांदा रुमाल झटकला, आणि तो सगळा घोळका रेघेवरून, टाकी-टॉवरच्या मधून, सरळ उत्तरेला निघाला.

खट, खट, खट, खट. गौरांगचा अंगठा थांबेना. "ताई, ओलांडतायत! सगळ्या ओलांडतायत! म्हणजे इथल्या नाहीत! चाळीस... साठ... एवढा थवा मी कुठं पाहिला नाही!"

नंदिनीनं आपली दुर्बीण लावली. तिला यांतल्या कितीतरी घारी ओळखीच्या होत्या. उजव्या पंखातलं एक पीस तुटलेली ती रोजची; तिला तर समोरच्या नारळावर घरटं आहे. ही कशाला उत्तरेला जाईल? दूरच्या प्रवासाला निघालेला पक्षी पुढं बघतो. या सगळ्या खाली बघत होत्या. नंदिनीनंही खाली बघितलं. तलावाच्या उत्तर काठावर, चौकीदाराच्या डोळ्यांदेखत, कोंबडीच्या दुकानातला माणूस दुसरी बादली उपडी करत होता. पहिली दक्षिण काठावर रिकामी पडली होती.

रेघ ओलांडल्याशिवाय मोजत नाहीत, हे सरांनी नीट लक्षात ठेवलं होतं. म्हणून बादल्या दोन.

तेवढ्यात वरून काहीतरी आलं आणि तिसऱ्या खाटेवर, ओल्या कुरोड्यांच्या बरोब्बर मधे, थप् करून पडलं. कोंबडीचा पाय होता. नखांसकट.

"अगंऽ माय माय माय!" अंजनाबाई उठल्या. पाठोपाठ पहिल्या खाटेवर आतड्याचा तुकडा, मिरच्यांवर काही पिसं. एक घार तर हरवलेला पाय घ्यायला थेट खाटेवरच उतरली आणि चिकात दोन्ही पावलं उमटवून गेली. "कोन टाकलं हे? मी बी खातो कोंबडी, दर आयतवारी खातो, पन रुखवताच्या कुरोडीवर कोंबडीचा पाय? सोयऱ्याईले काय सांगू, कुरोडी सावजी हाय म्हनून?" काठी आभाळाकडे फिरत होती, तिच्या पट्ट्यात पहिल्यांदा बांबू आला आणि संघपालचा मोजा खाली तलावाच्या दिशेनं उडून गेला.

गौरांगनं या सगळ्याकडे फक्त एकदा बघितलं. "घारीकडून भक्ष्य निसटलं, चांगली नोंद आहे," असं म्हणून तो पुन्हा दुर्बिणीत गेला. "एकशे बेचाळीस! ताई, सहा तलावांत पहिला नंबर! आता चाचणीचा प्रश्नच नाही."

"लिहा ताई, लिहा," भोयर सर कानाशी येऊन पुटपुटले. "साहेब खूश आहेत."

नंदिनीनं वही उघडली. पेन काढलं. पहिला नंबर. यादीत तलाव सहाव्या ओळीवरून पहिल्या ओळीवर जाईल, मोठ्या अक्षरांत, आणि तिथं तिचं नाव. कोणाला कळणार होतं? सरांना कळलं होतं, पण ते मरेपर्यंत बोलले नसते. कोंबडीवाल्याला कळलं होतं, पण त्याला आकड्याचं काय? घारी तर घारीच होत्या, रेघही ओलांडलीच होती. एकशे बेचाळीस लिहायला किती वेळ लागतो? तिनं पेन टेकवलंसुद्धा.

आणि त्याच वेळी, घारींच्या पुष्कळ वर, एक भोवत्या गेला. एकटा. पंख किंचित वर उचललेले, मान पुढं. खाली मेजवानी चालू आहे, आरडाओरडा आहे, काठी फिरते आहे, यातलं काही त्याला दिसलं नाही किंवा दिसूनही त्यानं बघितलं नाही. टाकी आणि टॉवरच्या मधून तो उत्तरेला गेला आणि ठिपका होऊन संपला.

"गौरांग," नंदिनी म्हणाली, "तो बघा. भोवत्या."

"हो हो, दिसला. म्हणजे एकशे त्रेचाळीस!"

"नाही. एक."

गौरांगनं डोळा काढला. दुर्बिणीचा गोल वळ त्याच्या डोळ्याभोवती उमटला होता.

"त्या घारी मोजायच्या नाहीत," नंदिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच काऊंटरवरचा वाटला. "त्या आमंत्रित आहेत. खाली बादल्या बघा."

अंजनाबाईंनी फिरती काठी खाली टेकली. गौरांगनं खाली बघितलं, या काठावर, त्या काठावर, मग भोयर सरांच्या हातातल्या रुमालाकडे. त्यानं यंत्र डोळ्यांसमोर धरलं. मग यंत्राची बारीक कळ फिरवली आणि एकशे बेचाळीस घारी किर्र करून नाहीशा झाल्या.

"आमिष टाकलं असेल तर तो दिवसच बाद होतो, ताई."

"आणि तो एक?"

"तोही बाद. सॉरी. नियम आहे." तो सामान बांधू लागला. "तलावाचं काय करायचं ते मला मंडळात विचारावं लागेल." पिशवीतलं गुलाबाचं फूल त्यानं काढून कठड्यावर ठेवलं.

संध्याकाळच्या यादीत जांभूळबोडीपुढं शून्यही नव्हतं, नुसती आडवी रेघ होती. बिल्डिंगच्या ग्रुपवर नंदिनीच्या बाजूनं कोणी लिहिलं नाही. 'दीडशे आल्या होत्या, आपल्याच माणसानं कापल्या,' असं एकानं लिहिलं आणि त्याला अकरा अंगठे मिळाले. दुसऱ्या दिवशी पाणीही अर्धा तास उशिरा सुटलं. संघपालनं ग्रुप वाचला, फोन पालथा ठेवला. "मी सांगू का त्यांना काही?"

"काय सांगणार?"

संघपाल उठला. तो बाम घेऊन आला.

अंजनाबाईंचा न्याय त्यामानानं सरळ होता. त्यांनी गहू पुन्हा भिजत घातला आणि भोयर सरांना निरोप धाडला. चौथ्या दिवशी पहाटे संतोष-सागरच्या हेडमास्तरांनी गच्चीवर सोऱ्या दाबून चार खाटा कुरोड्या घातल्या. "गोल घाला गा, मास्तर, गोल! हे काय, जिलबी हाय? पोराईले असंच शिकवलं काय?" सर घाम पुसत होते. या वेळी खरोखर पुसत होते.

मंडळाचा निरोप त्याच सकाळी आला. नंदिनीनं तो जिन्यात उभं राहून वाचला, मग पायरीवर बसून वाचला. जांभूळबोडी : यादीत कायम. निरीक्षक – नंदिनी खोब्रागडे. खाली गौरांगनं लिहिलं होतं, 'ताई, बाकी पाच तलावांवर सुरुवातीपासून एकदाही शून्य नाही. मंडळ आता त्यांनाच प्रश्न विचारतंय. तुमच्यासाठी एक अट : सोबत एक सहायक हवा, काठावर कोण काय टाकतं यावर लक्ष ठेवायला. उद्यापासून.'

सहायक कुठून आणायचा? संघपालचं ऑफिस. अंजनाबाईंचे गुडघे. बाकीच्या बिल्डिंगनं तर बोलणंच टाकलेलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला नंदिनी एकटीच किल्ली मागायला गेली. भोयर सरांनी दार उघडलं. बोटांना सोऱ्याचे फोड आले होते. किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली नाही, चपला घातल्या.

"मले घ्या," ते म्हणाले. "काठावर कोण काय टाकू शकते, हे माझ्याइतकं कोणाले माहीत नाही."

हे खरंच होतं.

अडीच तास दोघं बसले. सरांना आधी ऊन लागलं, मग पाठ लागली, मग गप्प बसणं लागलं. पण ते उठले नाहीत. तुटक्या पिसाची घार नारळावरून उठली, तीन घिरट्या घालून परत बसली. सरांनी आशेनं नंदिनीकडे बघितलं. तिनं मान हलवली. बाराला ऊन पांढरं पडलं. आभाळात एक कापसाचा तुकडासुद्धा नव्हता.

"झालं," नंदिनी म्हणाली आणि वही त्यांच्याकडे सरकवली. "लिहा, सर. सहायकानं लिहायचं असतं."

"किती लिहू?"

"किती गेले?"

सरांनी टाकीकडे बघितलं, टॉवरकडे बघितलं. "एक तरी टाकू वं. बरं दिसत नाही."

नंदिनीनं पेन पुढं केलं. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांतही आज कोणी नव्हतं.

सरांनी चष्मा लावला. आकड्याच्या रकान्यात त्यांनी शून्य काढलं; हळू, फळ्यावर काढतात तसं, जिथून सुरू केलं तिथंच नेऊन मिळवलं. मग शेऱ्याच्या रकान्यात, उभ्या आयुष्यात कधी न लिहिलेली ओळ सुवाच्य अक्षरांत लिहिली : सर्व गैरहजर.

नंदिनीनं वाचलं, आणि खाली सही केली.